रुखवतातलं ग्राफिक्स कार्ड

“सनोबर-ओपा, हे लग्न तुम्ही जुळवलंत ना? मग आता तुम्हीच निस्तरा!”

तुर्सुनअली-आका फोनवर इतके ओरडत होते की मी फोन कानापासून हातभर लांब धरला. तरी माझ्या टपरीसमोर माऊस निवडत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सगळं ऐकू जात होतं.

“भंगार दिलं तुमच्या उस्तानं, भंगार! पोरीच्या रुखवतात भंगार! काल संध्याकाळी सुनेनं बटण दाबलं, तर पडदा काळाठिक्कर. खोलीत जळका वास. आग लागली असती म्हणजे?”

“आका, जरा दम घ्या. माणसं सुखरूप आहेत ना?”

“माणसं सुखरूप आहेत हो, अब्रू गेली! मोहल्ल्यात चार लोक माझा शब्द मानतात. त्यांना काय सांगू, व्याह्यानं जुनं पातेलं कल्हई करून दिलं म्हणून?”

फोन बंद झाला. गिऱ्हाईकही माऊस ठेवून हळूच सटकलं. मी शेजारच्या टपरीकडे वळले. उस्ता एर्गाश खाली मान घालून कुणाच्या तरी पॉवर सप्लायमधली धूळ ब्रशनं झाडत होते.

“ऐकलंत?”

“अख्ख्या बाजारानं ऐकलं, सनोबर.” त्यांनी ब्रश खाली ठेवला. “मागून मुनीसाचा आवाज येत होता का गं? रडत होती का?”

म्हणजे बघा. स्वतःच्या कामाला कुणी भंगार म्हणालं, त्याचं काही नाही. आपली पोरगी रडत होती का, एवढंच विचारलं.

तुम्ही आमच्या मर्गिलान गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. इथं कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सांगितलं असतं तर माझा जीव हलका झाला असता, पण शब्द देऊन बसले आहे.

आमच्या बाजारात कॉम्प्युटरवाल्यांची एक गल्ली आहे. तिथं मी माऊस, कीबोर्ड, पंखे असला किरकोळ माल विकते. लग्नं जुळवणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. एर्गाशना सगळे उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणतात; आधी ते रेशीम गिरणीत वीजतंत्री होते. गिरणी बंद पडल्यावर रेडिओ दुरुस्त करत, मग पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वीज पुरवणारी पेटी. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे हसताना तोंडावर हात ठेवायचे. मी चिडवायची, “अहो उस्ता, नव्या नवरीसारखं काय लाजता?” दात बसवायचे म्हणून वर्षभर पैसे बाजूला टाकत होते.

त्यांची खरी ख्याती वायरींसाठी होती. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते मी त्यांच्याकडूनच शिकले. पडद्यावर चित्रं फिरवायची, उजेड-सावल्या पाडायच्या, ते काम या कार्डाचं. आणि ते भलतं खादाड. कॉम्प्युटरच्या बोर्डावरून मिळते तेवढ्या विजेवर त्याचं भागत नाही. त्याला थेट सप्लायमधून वेगळ्या जाड वायरी न्याव्या लागतात. लोक काय करतात, एकाच वायरीला दोन तोंडं काढून कार्डाच्या दोन्ही भोकांत खुपसतात. एर्गाश ते बघितलं की हळहळायचे. “एकाच सुनेच्या डोक्यावर दोन घागरी,” म्हणायचे. ते स्वतः प्रत्येक भोकाला स्वतंत्र वायर करत, मापात कापून, पिना पकडीनं दाबून, आणि दाबून झाल्यावर प्रत्येक वायर तीनदा ओढून बघत. कोकंदचे गेमिंग क्लबवाले मुद्दाम त्यांच्याकडे यायचे.

मुनीसा त्यांची एकुलती एक. ताश्कंदच्या एका फर्निचर कंपनीसाठी घरबसल्या स्वयंपाकघरांची चित्रं करते. म्हणजे कपाट अजून झाडातच असतं, आणि हिच्या पडद्यावर त्याच्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं. लग्न ठरलं तेव्हा आईनं वर्षानुवर्षं जमवलेल्या रजया बाहेर काढल्या. पोरगी म्हणाली, “रजया नकोत. कॉम्प्युटर द्या.” आईनं कपाळावर हात मारला. बापानं मात्र दुसऱ्याच दिवशी सुटे भाग जमवायला सुरुवात केली. वायरींवर त्यांनी रंगीत जाळीचे मोजे चढवले: पिवळा, हिरवा, जांभळा. आमच्या गावच्या रेशमाचे रंग. रुखवत मांडलं तेव्हा बायका त्या डब्याच्या काचेला नाक लावून बघत होत्या. एकीनं विचारलं, “आत काय, भरतकाम ठेवलंय?” मी म्हटलं, “हो, आणि ते विजेवर चालतं.”

इल्योस, म्हणजे नवरा मुलगा, चांगला. कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे, बोलणं कमी. सासू हनीफाही मनानं वाईट नाही. पण सासरा तुर्सुनअली! मनात येईल ते ओठांवर, आणि ओठांवरचं चायखान्यात. त्याला सुनेचं काम पसंत नव्हतं. सुनेनं पहाटे अंगण झाडावं, मोठ्यांना सलाम करावा, शिवणयंत्र चालवावं. मीच मध्ये पडून कबूल करून घेतलं होतं, की घरचं सगळं सांभाळून ती काम करेल आणि कुणी अडवणार नाही. तुर्सुनअली तेव्हा म्हणाले होते, “त्या डब्यानं घराला त्रास दिला, की त्याच दिवशी विकून टाकीन.”

आणि आता डब्यानं त्रास दिला होता. नवरोजच्या, म्हणजे एकवीस मार्चच्या सणाच्या आत मुनीसाला ताश्कंदचं मोठं काम पोचवायचं होतं. ते चुकलं तर कंपनी दुसरी माणसं बघणार, आणि सासरा डबा विकणार. मग पोरीचं आयुष्य झाडू आणि शिवणयंत्र यांच्यामध्ये.

“चला उठा,” मी एर्गाशना म्हटलं.

“बोलावल्याशिवाय मुलीच्या सासरी कसं जायचं?”

“बोलावणंच होतं ते. जरा मोठ्यानं दिलं, एवढंच.”

वाटेत मी गरम नान आणि मिठाई घेतली. एर्गाशनी स्वच्छ सदरा चढवला होता आणि हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. भाड्याच्या दमास गाडीत बसल्यावर एकदाच म्हणाले, “तिथल्या विजेचा भरवसा नाही, पण मी स्टॅबिलायझर दिलेला आहे.” मला कळत होतं. मनातल्या मनात ते एकेक वायर पुन्हा ओढून बघत होते.

दारात मुनीसा उभी होती. छातीवर हात ठेवून वाकली, पण डोळे सुजलेले. तिच्या मागे इल्योस. त्यानं सलाम केला तो इतका हळू, की मला वाटलं पोरगा आजारीच आहे.

आत जमिनीवर जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरलेलं होतं. तुर्सुनअलींनी स्वतःच्या हातानं एर्गाशचा पियाला भरला. काठोकाठ भरला. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरला, की समजायचं, प्या आणि उठा. मुनीसानं ते पाहिलं आणि खाली बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एर्गाशनी मात्र दोन्ही हातांनी पियाला घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “आधी काम बघतो, व्याही.”

“बघा, बघा,” तुर्सुनअली म्हणाले. “मी न्यायाचा माणूस आहे. तुमची चूक असेल तर तुमची. आणि माझ्या घरात कुणी त्या डब्याला हात लावला असेल, तर तेही तोंडावर सांगा. सगळ्यांदेखत त्याची पाठ सोलीन. मग तो कुणी का असेना.”

“कोण हात लावतंय?” हनीफा म्हणाली. “परवा आठ मार्च, महिला दिनाची सुट्टी. सून माहेरी तुमच्याकडे होती, आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे. घरात एकटा इल्योस. त्याला बल्ब बदलता येत नाही!”

इल्योस चहाची किटली घेऊन उभा होता. तो हसला नाही.

एर्गाश जमिनीवर बसले. डब्याच्या बाजूची काच काढली. ते नेहमी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवतात, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं. सप्लायच्या स्क्रूंपाशी त्यांचं बोट थांबलं. मी वाकून पाहिलं. लाल ठिपक्यांना चिरा गेल्या होत्या.

त्यांनी कार्ड काढून त्याचा वास घेतला. मग त्यांच्या त्या पिवळ्या-हिरव्या वायरीचं सप्लायकडचं टोक उपसलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. टोकाचं प्लास्टिक एका कोपऱ्यात करपलं होतं. मग ते खाली वाकले आणि ते टोक ज्या भोकातून काढलं होतं, ते भोक बघितलं. बराच वेळ बघितलं. नंतर मला कळलं ते काय बघत होते. भोक कोरं करकरीत होतं. टोक जळलेलं आणि भोक स्वच्छ. म्हणजे टोक तिथं जळलंच नव्हतं. दुसऱ्याच कुठल्या तरी सप्लायमध्ये जळलं होतं.

माझी नजर सहज बाहेर ओसरीवर गेली. तिथं एका चकचकीत नव्या खोक्यात कांदे ठेवले होते. खोक्यावर पंख्याचं चित्र. असली खोकी मी रोज बघते. त्यात पॉवर सप्लाय येतो, तोही मोठ्यातला मोठा.

“हे खोकं चांगलं आहे हो,” मी म्हटलं.

“इल्योसनं कुठून तरी आणलं,” हनीफा म्हणाली. “कांद्यांना हवा लागते त्यात.”

एर्गाशनी मान वर केली आणि जावयाकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. इल्योस माझ्या पियाल्यात चहा ओतत होता. चहा पियाल्याबाहेर दस्तरखानावर सांडला. त्यानं बापाकडे पाहिलं, मग पुन्हा सासऱ्याकडे. शाळेत छडी खाणारं पोर मास्तरांकडे बघतं ना, तसं.

“मग?” तुर्सुनअली म्हणाले. “काय निघालं?”

एर्गाशनी वायर हळूच गुंडाळली आणि पिशवीत घातली.

“चूक माझी आहे, व्याही,” ते म्हणाले. “पिना मी नीट दाबल्या नव्हत्या. हळूहळू सैल झाल्या, तापल्या आणि कार्ड गेलं.”

“दादाजान!” मुनीसा एकदम बोलली. ती बापाला असंच म्हणते. “तुम्ही तर प्रत्येक वायर तीनदा—”

“तू चहा बघ, बाळा. व्याह्यांचा थंड झाला.”

पण तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग त्या स्क्रूंकडे, मग नवऱ्याकडे. पोरगी बापाच्या टपरीत वायरी ओढून बघतच मोठी झालेली. तिला काय सांगायचं?

तुर्सुनअली भांडायच्या तयारीनं बसले होते. समोरचा माणूस एवढ्या लवकर हरेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरची हवाच गेली. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “चला. कबूल तरी केलंत. आजकाल कोण करतं? वय झालं, की हात पहिल्यासारखा राहत नाही. त्यात लाज कसली?”

“कार्ड मी बदलून देतो. नवरोजच्या आत. माझी एकच विनंती आहे.”

“बोला.”

“तिचं काम बंद करू नका. चूक वायरीची, म्हणजे माझी. तिची नाही.”

तुर्सुनअलींनी इकडेतिकडे पाहिलं. व्याही पायाशी बसून मागतो आहे, सून, मुलगा, बायको आणि मध्यस्थ बाई बघताहेत. अशा वेळी तो माणूस मोठेपणा सोडेल होय? “दिला शब्द,” ते म्हणाले. “या घरात तिला कुणी अडवणार नाही.” आणि त्यांनी एर्गाशचा गार चहा ओतून टाकला, पियाला पुन्हा भरला. यावेळी अर्धाच.

परत येताना मी दमास थांबवायला हात केला, तर एर्गाश म्हणाले, “चालत जाऊ.” पाटाच्या कडेनं चालायला लागलो. तुतीच्या झाडांना नुकती पालवी फुटत होती. मी कशीबशी कोपऱ्यापर्यंत धीर धरला.

“तोंड होतं ना तुम्हाला? जीभ होती ना? ते खोकं मी पाहिलं! त्या पोरानं काय केलं ते मला आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर मी इथूनच मागे फिरते आणि तुर्सुनअलीच्या दाढीला धरून सांगते!”

“ओरडू नको गं.” ते थांबले. “आठ मार्चला बायकोला काहीतरी द्यावं म्हणून त्यानं मोठा सप्लाय आणला. मोठा म्हणजे चांगला, असं त्याला वाटलं. ती घरी नाही बघून बदलला. आता बघ. सप्लायबरोबर नव्या वायरी येतात, खोक्यातच असतात. त्या त्यानं लावल्या नाहीत. माझ्याच ठेवल्या.”

“मग? वायर ती वायर.”

“तसंच वाटतं सगळ्यांना. वायरीचं कार्डाकडचं टोक सगळ्या जगात सारखं. पण सप्लायकडचं टोक प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे ठेवते. भोकात ते बसतं, टक् करून आवाजही येतो. पण आत कुठल्या वायरीतून काय वाहतं, ते उलटंसुलटं. बटण दाबलं की झालं. मग तो घाबरला असेल. जुना सप्लाय परत बसवला आणि गप्प राहिला.”

“म्हणजे गाढवपणा त्याचा आणि नाव तुमचं!”

“गाढवपणा?” एर्गाश पाटातल्या पाण्याकडे बघत राहिले. “सनोबर, त्यानं माझ्या वायरी का ठेवल्या? मुनीसाला आवडतात म्हणून. तिच्या बापानं केल्या म्हणून. त्या काढून फेकल्या असत्या आणि खोक्यातल्या काळ्या वायरी लावल्या असत्या, तर काहीएक जळलं नसतं. माझा मान ठेवला, म्हणून जळलं. आता मी त्याला त्याच्या बापासमोर उघडा पाडू?”

मी पायानं एक खडा पाटात उडवला, तसे तेच पुढे बोलले.

“आणि समज, पाडला उघडा. तुर्सुनअली त्याला मोहल्ल्यासमोर सोलून काढणार. पोरगा बापापुढे मान वर करणार नाही, पण रात्री बायकोकडे बघेल तेव्हा त्याला माझं तोंड दिसेल. तिला त्या घरात राहायचं आहे. मला नाही.”

“आणि तुमचं नाव? तुर्सुनअली उद्या चायखान्यात काय बोलेल, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तू मात्र बोलायचं नाही. कुणापाशीच नाही. शब्द दे.”

मी शिव्या घातल्या आणि शब्द दिला.

नवं कार्ड त्यांनी दातांच्या पैशांतून घेतलं. वायरी नव्या केल्या, त्याच रंगांच्या. मुनीसाचं काम वेळेत पोचलं. नवरोजला मोहल्ल्यात सुमालक, म्हणजे गव्हाच्या मोडांची खीर, शिजत होती, बायका कढई ढवळत होत्या, तिथं हनीफा फोनवर चित्रं दाखवत फिरत होती. “हे माझ्या सुनेनं केलं. हो, नळ खरा नाही! हात लावून बघा, ओला होतो का!” मी मनात म्हटलं, चला, निदान हे तरी झालं.

पण तुर्सुनअलींचं तोंड थोडंच बंद राहणार? वाईट बोलले नाहीत, तेच तर वाईट. शिव्या दिल्या असत्या तर लोकांनी सोडून दिलं असतं. ते प्रेमानं बोलले. “माझा व्याही म्हणजे सोन्यासारखा माणूस. स्वतःहून चूक कबूल केली. पण हाताला कंप सुटलाय बिचाऱ्याच्या. पिना बसत नाहीत.” चायखान्यातून ते बाजारात आलं, बाजारातून कोकंदला गेलं. क्लबवाले येईनासे झाले. येत ते माझ्याकडे, आणि हळूच विचारत, “ओपा, शुहरतची टपरी कुठली?” शुहरत गल्लीच्या टोकाला बसतो. पोरगा वाईट नाही. वायरी करायला तो एर्गाशच्या जुन्या वायरी उसवून शिकला, हे तो स्वतःच सांगतो.

एर्गाशपाशी पंखे साफ करायचं काम उरलं. ते सकाळी येत, टपरी झाडत, पकड पुसून ठेवत. मी समसा आणून द्यायची तर म्हणायचे, “भूक नाही गं, काम कुठं केलंय?” मला इतकं वाईट वाटायचं की मी भांडायची. “शब्द परत घ्या तुमचा,” म्हणायची. “मी एका दिवसात सगळ्या गावाला सांगते.” ते तोंडावर हात ठेवून हसायचे.

मग एप्रिलमध्ये एक दिवस, भर दुपारी, तुर्सुनअली-आका आमच्या गल्लीत आले. मागे इल्योस, छातीशी कॉम्प्युटरचा डबा धरून. मोहल्ल्याच्या चौकात कॅमेरे बसवले होते, त्यांची चित्रं चार पडद्यांवर बघायची होती, म्हणून मोहल्ल्याच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड लावायचं होतं. कार्डही बरोबर आणलेलं. एर्गाश उठले, छातीवर हात ठेवला, स्टूल पुढे केलं.

“बसा, व्याही.”

“बसतो, बसतो.” तुर्सुनअली बसले नाहीत. गल्लीच्या टोकाकडे बघत होते. “व्याही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे माझं असतं तर डोळे मिटून तुमच्याकडे दिलं असतं. पण हे मोहल्ल्याचं. उद्या काही झालं, तर लोक म्हणतील, नात्यात दिलं. तुमच्याच हाताला त्रास नको. तो शुहरत म्हणून कोणी आहे ना?”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दात आवळून मी ते मागे ढकललं.

“आहे ना,” एर्गाश म्हणाले. “चांगलं काम करतो. चला, मी दाखवतो.”

इल्योस जागचा हलला नाही. डबा तसाच धरून उभा. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“अब्बा,” तो म्हणाला. “थांबा. त्या दिवशी, आठ मार्चला... खरं सांगायचं तर...”

“इल्योस,” एर्गाश मध्येच बोलले. “मुनीसा बरी आहे ना?”

“आहे.”

“काम चाललंय तिचं?”

“चाललंय.” त्यानं डबा छातीशी आवळला. “रोज बसते. मी आल्यावर मला दाखवते.”

“मग झालं तर,” एर्गाश म्हणाले. “आण तो डबा. जड आहे, एका बाजूनं मी धरतो.”

दोघांनी मिळून डबा शुहरतच्या टपरीत नेला. मी माझी टपरी वाऱ्यावर सोडून मागे गेले. एर्गाश येताहेत म्हटल्यावर शुहरत गडबडला. “उस्ता, तुम्ही असताना मी कसं?” असं काहीतरी पुटपुटला. एर्गाश म्हणाले, “तूच कर. दोन्ही भोकांना वेगळ्या वायरी घे, म्हणजे झालं.” शुहरतनं डबा उघडला, कार्ड खाचेत बसवलं. आत अंधार होता, वरच्या दिव्याचा उजेड पोचत नव्हता. त्यानं बॅटरी दातांत धरून पाहिली, मग काखेत धरून पाहिली.

“इकडे दे,” म्हणून एर्गाशनी बॅटरी घेतली.

तुर्सुनअली माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “बघा, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. बिचाऱ्याचा हात साथ देत नाही, एवढंच.” इल्योस शेजारीच उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.

शुहरतचा हात आत चाचपडत होता. पहिली वायर बसली, दुसरीला वेळ लागत होता; घाबरल्यामुळे त्याला भोक सापडत नव्हतं. डाव्या हातानं टेबलाची कड धरून एर्गाश वाकून उभे होते, आणि उजव्या हातातल्या बॅटरीचा उजेड त्या एवढ्याशा भोकावर पडला होता, तो शेवटपर्यंत जरासुद्धा हलला नाही.